आकाराचा भार कोणी वाहावा?

ज्या देशांत वर्षातील सहा महिने रस्त्यांवर थंडीचा, धुक्याचा आणि बोचऱ्या वाऱ्याचा अंमल असतो, त्या देशांत माणसाची सार्वजनिक आकृती ठरते ती त्याने अंगावरील साऱ्या वस्त्रांवर चढविलेल्या कोटाने. आतला पोशाख दिवाणखान्यात दिसतो, भोजनाच्या मेजाशी दिसतो, नाट्यगृहातील आसनावर बसल्यानंतर शेजाऱ्याच्या नजरेस पडतो. परंतु स्टेशनाच्या फलाटावर, चर्चच्या पायऱ्यांवर किंवा नदीवरील पुलावर परस्परांना ओलांडून जाणारी माणसे एकमेकांना दुरून ओळखतात ती कोटाच्या बाह्यरेषेवरून. शिवाय कोटाला एक असे स्वातंत्र्य लाभलेले आहे की जे अन्य कोणत्याही वस्त्राच्या वाट्याला येत नाही. चोळी, पोलके किंवा सदरा यांना शरीराशी लगट करूनच राहावे लागते. कोटाच्या आत मात्र आणखी दोन-तीन कपडे वावरत असल्यामुळे शरीरापासून काही अंतर राखणे हे त्याचे कर्तव्यच असते, आणि हे अंतर किती असावे, कोठे असावे आणि त्यास कोणता घाट द्यावा हे ठरविण्याची मुभा बेतणाऱ्याच्या हाती राहते. कापड आणि शरीर यांच्यामधील या पोकळीला जो कारागीर द्रव्य मानतो, तो शिंपीकामाची सीमा ओलांडून शिल्पकलेच्या प्रांतात पाऊल टाकतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये हे पाऊल ज्यांनी टाकले, त्यांत क्रिस्तोबाल बालेन्सियागा या स्पॅनिश कारागिराचे नाव अग्रगण्य आहे. त्याचे कोट प्रथमदर्शनी इतके निराभरण वाटतात की पाहणाराने विचारावे, यात करण्यासारखे राहिले तरी काय? एखाददुसरे मोठे बटण, मानेपासून किंचित दूर उभी राहिलेली कॉलर, मनगटाच्या वर संपणारी बाही आणि पाठीमागे वाऱ्याने भरल्यासारखा एक सलग फुगवटा, एवढ्यावर त्यांचा सारा कारभार आटोपतो. पण या साधेपणास केवळ वजाबाकी समजणे म्हणजे त्याच्या मर्मास मुकणे होय. प्रत्येक घडीव वस्त्राला काही आकार असतो, आणि त्या आकाराचा भार कोणाला तरी वाहावा लागतो: एक तर तो धारण करणाऱ्या देहाने वाहावा, नाही तर आतील सांगाड्याने, नाही तर कापडाने आणि ते बेतणाऱ्या हाताने. बालेन्सियागाच्या कोटाची थोरवी, माझ्या मते, या भाराची त्याने जी नवी वाटणी केली तीत आहे. आणि त्या कोटांचा विचार या एकाच सूत्राने केला असता त्यांतील पुष्कळशा गोष्टी, ज्या एरवी लहर किंवा विक्षिप्तपणा वाटाव्यात, कार्यकारणभावाने उलगडत जातात.

हे समजण्यासाठी ज्या व्यवस्थेत हे कोट जन्मास आले तिची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. पॅरिसमध्ये ‘ओत कुत्यूर’ या नावाने ओळखला जाणारा उच्च शिंपीपेशा चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रजाने १८५८ साली तेथे आपली पेढी उघडल्यापासून आकारास येत गेला. १८६८ साली या व्यवसायाचे मंडळ स्थापन झाले, आणि १९४५ साली फ्रेंच शासनाने या नावास कायद्याचे संरक्षण देऊन ते कोणी धारण करावे याविषयी शर्ती घालून दिल्या. या पेढ्यांत गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेऊन, प्रथम मांजरपाटासारख्या स्वस्त सुती कापडात कच्चा नमुना बेतून, तो अंगावर चढवून, पुन्हा उसवून, पुन्हा टाचून, मगच मूळ किमती कापडास कात्री लावण्याचा शिरस्ता होता. कारखान्याचे विभागही दोन असत: एकात हलक्या, झुळझुळीत कापडांचे पोशाख बनत, तर दुसऱ्यात कोट, जाकिटे आदी घडीव वस्त्रे. या दुसऱ्या विभागात सुईइतकेच महत्त्व वाफेच्या इस्त्रीला असते; कारण लोकरीचा तंतू उष्णता आणि ओलावा मिळाला की आकसतो किंवा ताणला जातो आणि थंड झाल्यावर तो नवा आकार धरून ठेवतो. सपाट कापडाला शिवणीवाचून गोलाई देण्याची ही विद्या ज्याला साधली, त्याच्या हातचा कोट वेगळा ओळखू येतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपातील स्त्री कापडाच्या नियंत्रणाला कंटाळलेली होती, आणि १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियाँ दिओर याने आपला पहिला संग्रह प्रदर्शित केला तेव्हा त्या कंटाळ्यास जणू वाचा फुटली. आवळलेली कंबर, मृदू उतरते खांदे, भरगच्च नितंबरेषा आणि मीटरामागून मीटर कापड खाणारा घेर असे त्याचे रूप होते. हार्पर्स बझार मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांच्या तोंडच्या उद्गारावरून त्यास ‘न्यू लुक’ हे नाव मिळाले आणि अल्पावधीत ते जगभर पसरले. त्या रूपातील वैभव नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचा हिशेब मांडला तर आढळते की तेथे आकाराचा भार वाहत होती ती प्रायः ती स्त्रीच. कंबर बारीक दिसावी म्हणून कमरेला घट्ट पट्टा, छाती उन्नत दिसावी म्हणून आतून आधार, नितंबरेषेवर भरण, आणि या सर्वांवर चपखल बसणारे जाकीट, अशी ती योजना होती. वस्त्राने आदर्श देहाचा एक नकाशा आखून द्यावा आणि प्रत्यक्ष देहाने त्या नकाशाबरहुकूम वागावे, हा त्यातील अलिखित करार होता.

त्याच १९४७ साली, त्याच शहरात, बालेन्सियागाने पिपाच्या आकाराची म्हणून ओळखली गेलेली, पाठीकडे गोल फुगीर होत जाणारी आणि कंबरेची दखलच न घेणारी जाकिटे व कोट पुढे आणले. ही रेषा प्रतिस्पर्ध्याला उत्तर म्हणून एका हंगामात सुचलेली नव्हती; तिच्यामागे चाळीस वर्षांची उमेदवारी होती. बालेन्सियागाचा जन्म २१ जानेवारी १८९५ रोजी स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील बास्क प्रदेशात, गेतारिया नावाच्या मासेमारीच्या गावी झाला. वडील दर्यावर्दी, आई शिवणकाम करणारी. वडिलांच्या निधनानंतर त्या शिवणकामावरच घरचा चरितार्थ चालला. गावी उन्हाळ्यात राहावयास येणाऱ्या कासा तोरेसच्या मार्केसीचे, म्हणजे तेथील एका सरदारघराण्यातील बाईंचे, पॅरिसहून आलेले पोशाख त्या मुलाच्या दृष्टीस पडले आणि त्या बाईंच्या प्रोत्साहनाने त्याची या पेशातील वाट मोकळी झाली. बाराव्या वर्षी तो सान सेबास्तियान येथे शिंप्याच्या हाताखाली लागला, १९१७ साली त्याने तेथेच स्वतःची पेढी काढली, पुढे माद्रिद व बार्सिलोना येथे शाखा उघडल्या, आणि १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर तो देश सोडून, १९३७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमधील जॉर्ज साँक रस्त्यावर क्रमांक १० येथे आपल्या नावाची पाटी लावता झाला. पॅरिसच्या बहुतेक नामांकित रचनाकारांची मजल कागदावरील रेखाटनापर्यंतच असे. बेतणे, कापणे, टाचणे, शिवणे ही सारी कामे आरंभापासून अखेरपर्यंत स्वहस्ते करू शकणारा तो फार थोड्यांपैकी एक होता, आणि गाब्रिएल शानेलसारख्या कठोर समकालीन रचनाकर्तीनेही त्याचे हे श्रेष्ठत्व मोकळेपणी मान्य केले होते.

आता कोटाच्या शरीररचनेकडे वळू. कोट हे एक टांगलेले वस्त्र आहे. त्याचा सारा भार दोन खांदे आणि मानेचा मागील भाग एवढ्याच आधारावर तोलला जातो. हे तीन बिंदू अचूक साधले तर खालच्या भागाला शरीराचा आधार मागण्याचे प्रयोजनच उरत नाही. आणि येथेच बालेन्सियागाचे पहिले गुपित आहे. त्याने कोटाचा तोल पुढून मागे नेला. कॉलर मानेला चिकटून न ठेवता ती मागे व किंचित खाली सरकविली, त्यामुळे मान उंच व मोकळी दिसू लागली आणि गळ्यातील मोत्यांना प्रकाश मिळाला; पुढचा भाग सरळ, प्रायः सपाट उतरू दिला आणि कापडाचे सारे औदार्य पाठीकडे वळविले. जपानी किमोनोतही मागची कडा मानेपासून दूर राहते आणि तो सरळ पट्ट्यांच्या जुळणीतून घडतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पॉल प्वारे आणि नंतर मादलेन व्हियोने या रचनाकारांनी पॅरिसला या पौर्वात्य विचाराची ओळख करून दिलेली होती, आणि व्हियोनेचे नमुने बालेन्सियागाने तरुणपणी विकत घेऊन त्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. १९५१ साली त्याने पुढून अंगासरसा आणि मागून सैल असा जो पोशाख सिद्ध केला, तो या तोलबदलाचा जाहीर उच्चार होय: समोरून पाहणाऱ्यास देहाची जाणीव, बाजूने पाहणाऱ्यास कापडाचा स्वतंत्र घाट.

दुसरे गुपित बाहीत आहे. बाही हा कोटातील सर्वांत बिकट मामला. कारण अंग स्थिर असते तेव्हा ती सुबक पडावी आणि हात वर उचलला तर मात्र साऱ्या कोटाने वर ओढले जाऊ नये, या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. मुंढा खोल कापला तर उभे राहिल्यावर शोभा दिसते, पण हात उचलताच कोट वर चढतो. बाही अंगातूनच सलग कापली तर हालचाल मोकळी होते, पण काखेखाली कापडाचा चुन्यांनी भरलेला ढीग साचतो. अंगरख्याच्या आणि बंडीच्या काखेत आपले शिंपी पूर्वापार जो चौबगळा घालीत आले, तशाच चौकोनी तुकड्याच्या साहाय्याने बालेन्सियागाने सलग बाही आणि मुंढ्याची बाही यांचे नाना तऱ्हेचे संकर घडविले: समोरून खांद्याची शिवण दिसावी तर मागून पाठ आणि बाही एकच असाव्यात, किंवा मानेपासून निघालेल्या एका तुकड्याने खांदा, बाही व पाठीचा अर्धा भाग व्यापावा. बाहीविषयीचा त्याचा आग्रह ध्यासाच्या कोटीतला होता. पुरी झालेली, गिऱ्हाइकाने पसंत केलेली बाहीदेखील मनास न आल्यास तो उसवून काढीत असे. बाहीची लांबी मनगटाच्या वर थांबविण्यामागेही हिशेब होता: सैल घाटाच्या वस्त्रातून नाजूक मनगट बाहेर दिसले की आतील देहाचे प्रमाण पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उमटते, आणि कोट कितीही मोठा असला तरी त्याखालची व्यक्ती हरवत नाही.

तिसरे गुपित शिवणींच्या संख्येत आहे, आणि येथेच ‘कमीत कमी’ हे तत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. सामान्य कोटास पुढचे दोन भाग, पाठीचे दोन, बाह्यांचे प्रत्येकी दोन आणि कॉलर एवढे तुकडे तर लागतातच; प्रत्येक शिवण म्हणजे सपाट कापडाला वळण देण्याची एक संधी, आणि संधी जितक्या अधिक तितके काम सोपे. म्हणून शिवणी कमी करणे याचा अर्थ शिंप्याने आपल्या हातातील साधने एकेक करून खाली ठेवणे असा होतो. १९६१ साली बालेन्सियागाने जो एकशिवणी कोट बनविला, त्यात अंगाचा भाग आणि बाह्या एकाच सलग लोकरी तुकड्यातून उतरविल्या होत्या. मुसळधार पावसात आपला शेतकरी घोंगडीची एकच घडी घालून जी खोळ डोक्यावरून घेतो, तिच्यात एका सपाट वस्त्राला न कापता निवाऱ्याचा घाट कसा येतो हे ज्याने पाहिले असेल, त्याला या कोटामागील विचाराचे बीज चटकन उमगेल. मात्र खोळीला खांद्याशी, कोपराशी आणि काखेशी चोख बसण्याची जबाबदारी नसते, आणि तीच येथे मुख्य होती. एक तुकडा वळवून घेताना कोठे उभा धागा खाली उतरेल, कोठे आडवा येईल आणि कोठे उरेप पडेल हे आधीच हेरावे लागते. कारण उभ्या धाग्यावर कापड ताठ लोंबते, उरेपावर ते ताणते व झुकते, आणि सलग तुकड्यात या सर्व दिशा एकाच वस्त्रात एकमेकींना भेटतात. कात्रीची एक रेघ चुकली तर दुरुस्तीस दुसरी शिवण शिल्लक नसते.

परंतु या सर्व गुपितांचा पाया कापड हाच आहे. आकार ठरवून मग त्याला साजेसे कापड शोधण्याचा सामान्य क्रम बालेन्सियागाने उलटा केला. कापड हातात घ्यावे, ते कसे पडते, कसे मोडते, किती ताठ राहते हे पाहावे आणि त्याच्या स्वभावातूनच रूप काढावे, अशी त्याची पद्धत होती. कोटासाठी त्याने घट्ट विणीच्या जाड लोकरी, मोहेरच्या केसाळ व हलक्या तरीही फुगीर राहणाऱ्या विणी आणि ट्वीड यांचा मुबलक उपयोग केला. रेशमातही असाच ताठपणा मिळावा या त्याच्या मागणीतून झुरिचच्या आब्राहाम पेढीचे गुस्ताव्ह झुमस्टेग यांनी १९५८ साली ‘गाझार’ हे कापड सिद्ध केले. भरपूर पीळ दिलेल्या रेशमी धाग्यांची ही साधी वीण हाताला हलकी, पण पडण्यात इतकी करारी असते की तिला एकदा वळण दिले म्हणजे ती ते सोडीत नाही. संध्याकाळी पांघरावयाचे झगे व केप या कापडात असे काही उभे राहत की त्यांच्या आणि देहाच्या मध्ये वितीवितीचे अंतर राहूनही आतून कसलाही आधार लागत नसे. १९६७ साली काळ्या गाझारमध्ये त्याने घडविलेले, डोक्याभोवती पाकळ्यांसारखे उलगडणारे आवरण हा या प्रयोगांचा कळस मानला जातो.

मात्र या ठिकाणी न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१७ साली भरविलेल्या बालेन्सियागा प्रदर्शनासाठी त्याच्या काही पोशाखांची क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली, तेव्हा संध्याकाळच्या पोशाखांपैकी कित्येकांत हाडांच्या पट्ट्या, कडेला लपविलेली वजने आणि आतील बंद असा बराच लवाजमा असल्याचे दिसून आले. म्हणजे देहाने किंवा सांगाड्याने भार वाहण्याची जुनी व्यवस्था त्याने सर्वत्र मोडीत काढली असे म्हणता येणार नाही. पण यामुळे कोटाचे महत्त्व कमी न होता उलट वाढते. कारण जेथे देहाशी अंतर राखण्याची मोकळीक होती, त्या वस्त्रात तो आपल्या तत्त्वाच्या सर्वांत जवळ पोहोचला, आणि १९५७ साली कोशाच्या आकाराचा कोट व त्याच वर्षी कंबरच नसलेला, पोत्याची उपमा देऊन ज्याची वृत्तपत्रांनी हेटाळणी केली तो पोशाख पुढे आला, तेव्हा कोटात सिद्ध झालेले स्वातंत्र्य आतील वस्त्रांनाही देण्याचा तो प्रयत्न होता. कोटाने वाट दाखवावी आणि पोशाखाने मागून यावे, असा हा क्रम आहे.

या कोटांना शिल्प म्हणण्याचा प्रघात आता इतका रुळला आहे की त्या म्हणण्याचा नेमका अर्थ तपासून पाहणे इष्ट होईल. संगमरवराची मूर्ती स्थिर असते आणि पाहणारा तिच्याभोवती फिरतो. कोटाच्या बाबतीत पाहणारा स्थिर असला तरी वस्त्रच वळते, चालते, पायऱ्या उतरते. म्हणून त्याची प्रत्येक बाजू, विशेषतः पाठ, ही मुद्दाम रचलेली असली पाहिजे, आणि दोन बाजूंमधील संक्रमणही तितकेच सलग असले पाहिजे. बालेन्सियागाचे कोट या कसोटीस उतरतात, म्हणून त्यांना शिल्प म्हणणे सार्थ आहे. दुसरे असे की आधुनिक शिल्पकाराला वस्तुमानाइतकीच पोकळी महत्त्वाची वाटू लागली होती. सान सेबास्तियान येथे १९२४ साली जन्मलेला एदुआर्दो चियिदा हा बास्क शिल्पकार त्याच दशकांत लोखंडाच्या वळलेल्या बाहूंमध्ये रिकामी जागा कवटाळून धरण्याचे प्रयोग करीत होता. एकाने दुसऱ्यापासून काही घेतले असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. एकाच किनाऱ्यावरच्या दोन कारागिरांना एकाच काळात पोकळीचे मोल कळले, एवढे साम्य पुरेसे बोलके आहे. अमेरिकेतील ज्या कलापंथाला ‘मिनिमल’ हे विशेषण रिचर्ड वोलहाइम या तत्त्वज्ञाच्या १९६५ सालच्या निबंधाने मिळाले, तो रूढ होण्याच्या कितीतरी आधी हे कोट शिवून झालेले होते. त्यामुळे त्यांच्या निराभरणतेचे मूळ त्या पंथात शोधणे व्यर्थ आहे. ते मूळ स्पेनच्या चर्चमध्ये आहे. अर्धवर्तुळाकार कापडातून बनणारा धर्मगुरूंचा प्रावार, कॅसक या त्यांच्या लांब झग्याची अखंड उभी रेषा, आणि सतराव्या शतकातील झुर्बारान या चित्रकाराने रंगविलेल्या संन्याशांच्या पांढऱ्या जाड लोकरी वस्त्रांची जड, गंभीर घडण, हे या श्रद्धावान कॅथलिक माणसाचे बालपणापासूनचे दृश्यधन होते.

समकालीनांत या वाटेने चालणारा तो एकटाच नव्हता. जन्माने इंग्रज असलेल्या चार्ल्स जेम्स याने १९३७ सालीच पांढऱ्या साटिनमध्ये पक्ष्यांची मऊ पिसे भरून, वळ्यावळ्यांनी फुगलेले एक जाकीट घडविले होते, जे आज लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे. तेथे पोकळीची जागा भरणाने घेतली असली तरी वस्त्राला देहापासून वेगळे अस्तित्व देण्याचा विचार तोच आहे. १९५८ च्या आरंभी, दिओरच्या निधनानंतर त्याच्या पेढीची सूत्रे हाती घेतलेल्या तरुण इव्ह सँ लोराँने खांद्यापासून पसरत जाणारी समलंबाकृती रेषा आणली आणि आवळलेल्या कंबरेच्या त्या बालेकिल्ल्यातच सैल घाटाला राजमान्यता मिळाली. बालेन्सियागाचा स्नेही ह्युबेर द जिव्हाँशी याने तीच संयत वृत्ती जोपासली. आणि गुरूच्या कारखान्यात सुमारे दहा वर्षे काढून १९६१ साली स्वतंत्र झालेल्या आंद्रे कुरेज याने ताठ कापड, स्वच्छ भूमिती आणि उघड्या शिवणी यांच्या बळावर १९६४ साली असे आखूड, शुभ्र कोट व पोशाख सादर केले की त्यांत अवकाशयुगाचा तारुण्याने भरलेला उत्साह लोकांना दिसला. गुरूने जी भूमिती लपविली, ती शिष्याने मिरविली. परंतु भार कापडाने वाहावा हा धडा दोघांचा एकच होता.

या धड्याचे प्रत्यंतर नकलांच्या इतिहासातही सापडते. अमेरिकेतील व्यापारी पॅरिसच्या पेढ्यांकडून नमुने रीतसर विकत घेऊन त्यांच्या स्वस्त आवृत्त्या काढीत. न्यूयॉर्कचे ओरबाक्स हे दुकान अशा हुबेहूब नकलांसाठी प्रसिद्ध होते. वाटावे असे, की जेथे शिवणी कमी व नक्षी मुळीच नाही त्या वस्त्राची नक्कल सर्वांत सोपी. आणि बाह्यतः ती सोपी होतीही. पण स्वस्त कापडात तो घाट उभा राहत नसे, तोल मागे जाण्याऐवजी पुढे कोसळे, आणि काखेतील चौबगळा वगळून खर्च वाचविला की हात वर करताच सारे बिंग फुटे. अलंकृत वस्त्रात नक्षी उणिवांवर पांघरूण घालते. निराभरण वस्त्रात प्रत्येक उणीव उघड्यावर येते. साधेपणा खर्चिक असतो तो याच कारणाने.

आणि या खर्चाचाच प्रश्न अखेरीस निर्णायक ठरला. १९६६ साली सँ लोराँने तयार कपड्यांचे स्वतंत्र दुकान उघडले, तरुण पिढीला तासन् तास माप देत उभे राहण्यात रस उरला नाही, आणि यंत्रावर ठरावीक मापांत कपडे काढण्याची कल्पना बालेन्सियागाच्या वृत्तीला मानवणारी नव्हती. विद्यार्थ्यांच्या उठावाने गाजलेल्या १९६८ साली त्याने आपली पेढी बंद केली. २३ मार्च १९७२ रोजी स्पेनमध्ये त्याचे देहावसान झाले आणि जन्मगावी गेतारियातच त्याचे दफन करण्यात आले. त्या गावी २०११ साली त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले आहे. पुढे त्याचे नाव धारण करणाऱ्या पेढीचा मक्ता अनेक हातांतून गेला, परंतु त्या इतिहासाचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही.

या कोटांचे गिऱ्हाईक अतिश्रीमंत होते, हे लपविण्याजोगे नाही; साध्या दिसणाऱ्या त्या वस्त्रांची किंमत साध्या माणसाच्या आवाक्यात कधीच नव्हती. तरीही त्यांतील मूळ विचार त्या वर्गापुरता मर्यादित आहे असे मला वाटत नाही. वय वाढलेली, पाठ वाकलेली, कंबर सुटलेली स्त्री त्या कोटात तितक्याच सन्मानाने उभी राहू शकत होती, कारण तो कोट तिच्याकडे काहीच मागत नव्हता. तिने श्वास रोखावा, भूक मारावी किंवा देह आवळून घ्यावा अशी कोणतीही शर्त त्याने घातलेली नव्हती. जे काही सोसावयाचे ते कापडाने आणि कारागिराने आधीच सोसलेले होते. सौंदर्यासाठी स्त्रीने कष्ट भोगलेच पाहिजेत हा समज ज्या शहराने सर्वाधिक दृढ केला, त्याच शहरात एका शिंप्याने तो खोटा ठरविला, ही गोष्ट शिवणकलेच्या इतिहासापुरती लहान नाही.

मात्र हिशेब पुरता मांडायचा तर दुसऱ्या बाजूसही नोंद करावी लागेल. भार नाहीसा होत नसतो, तो केवळ एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आणि स्त्रीच्या कमरेवरून उतरलेला हा भार ज्यांच्या बोटांवर, डोळ्यांवर व मानेवर आला, त्या कारखान्यातील शेकडो शिवणकरणींची नावे कोटाच्या आतल्या पट्टीवर कोठेही शिवलेली नाहीत. तेथे नाव एकाचेच आहे. तो एक जण त्या नावास सर्वस्वी पात्र होता, कारण स्वतः बाराव्या वर्षापासून त्याच बाकावर बसून तो वर आला होता आणि सुईचे मोल त्यास कोणी शिकवावे लागले नाही. परंतु संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेल्या त्या कोटांपुढे उभे राहून आपण त्यांच्या साधेपणाची वाखाणणी करतो, तेव्हा तिच्यातील न्याय्य वाटा त्या अनाम हातांच्या खाती जमा केला पाहिजे. कारण ज्या वस्त्रात दाखविण्यासारखी एकही नक्षी नाही, त्या वस्त्रात त्या हातांचे कसब हाच एकमेव अलंकार उरतो.